वीस तेत्रीत नववा मजला

आमच्या इमारतीची लिफ्ट फुकट वर जात नाही.
पेटीच्या फटीत वीस तेत्रीचं नाणं सरकवायचं,
ते आत कुठंतरी खळ्ळकन पडतं,
मग ताणलेल्या दोराचा एक हुंदका
आणि सगळं रुस्तावी, धुरांड्यांसकट,
हळूहळू खाली जाऊ लागतं.

तो हुंदका मालखाझला हवा होता.

दिवसा तो टायर बदलतो.
रात्री, खातुनानं डाख देऊन बनवलेले
बटणाएवढे मायक्रोफोन
लिफ्टच्या पत्र्याला चिकटपट्टीनं लावतो
अन् नाणी टाकत बसतो.
वर. खाली. वर.
नव्वद फेऱ्या, अठरा लारी.
(हिशेब माझ्याकडे. औषधाच्या दुकानातही मी तेच करते.)
"एवढ्यात पिशवीभर बटाटे आले असते," त्याची आई म्हणाली,
आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाकी आमच्याकडे आहे काय?
एक टेपरेकॉर्डर, थंडीत सुस्तावणारा.
एक पांडुरी, तिला तार एकही नाही,
आम्ही तिचं पोट वाजवतो.
खातुनाचा भाऊ विचारतो, यात सूर कुठला, ताल कुठला?
खातुना म्हणते, शोध की.
तो शोधत नाही. जेवायला मात्र थांबतो.

बंद पडलेल्या बेकरीत पहिल्यांदा ऐकवलं.
भिंतींना अजून पिठाचा वास.
सात माणसं आली, त्यातली दोन शेगडीच्या उबेला,
आणि एक त्सिऊरी,
लिफ्टच्या पेटीची किल्ली जिच्या गळ्यात असते ती,
भांडायला आलेली,
कोटाची सगळी बटणं लावून.
पत्र्यावर चिकटपट्टीचे डाग कोण काढणार म्हणून.

बसली. एकतीस मिनिटं बसली.
कुणी जांभई दिली तर वळून बघितलं तिनं.
संपल्यावर आम्ही टाळ्यांची वाट बघत होतो (होतो, खोटं कशाला बोलू)
तेव्हा ती म्हणाली:

"चौथ्या मजल्यावर ती दोनदा खोकते.
तुमच्यात एकदाच खोकली."

मालखाझचा चेहरा पांढरा पडला.
चौथ्या मजल्यापाशी फीत कापून जोडली होती आम्ही.
सांधा ऐकू येऊ नये म्हणून तीन रात्री घालवलेल्या.
तिबिलीसीहून आलेल्या दोन जाणकारांना
ऐकू आला नव्हता.

खोकला परत घातला.

मग चाळीस प्रती.
कॅसेट जुन्या बाजारातल्या, कुणाच्या लग्नाच्या,
कुणाच्या कवायतीच्या;
आमचं संपलं की शेवटी एखाद्या तामादाचा आवाज
अजून कुणाच्या तरी आरोग्याचा प्याला उचलतो.
तो आम्ही पुसला नाही.
वेष्टनं औषधाच्या खोक्यांची, उलटी घडी घालून.
किंमत लिहिली नाही. लिहिलं एवढंच:
आवडलं नाही तर यावर दुसरं काही भरा, परत पाठवा.

मार्शरुतकाच्या ड्रायव्हरांच्या हाती दिल्या,
कुताइसीला बारा, झुगदिदीला पाच,
एक चिआतुराला, कुणाच्या ओळखीवर, आठवत नाही.

वसंतात तीच एक परत आली.

आमची लिफ्ट तशीच, खाली;
तिच्यावरून आडवा जाणारा
खाणीच्या जुन्या पाळण्याचा दोर,
करकरत, दरीएवढा लांब.
एक वर जाणारं, एक पलीकडे जाणारं,
आणि मधे वारा. बराच वेळ नुसता वारा.
मग चौथा मजला.
पहिला खोकला.
दुसरा येण्याआधी
कुणीतरी माणूस खोकला.

त्सिऊरीनं ते तीनदा लावायला सांगितलं.
"हा लिफ्टवर हसत नाहीये," ती म्हणाली,
"खाणीत काम केलंय त्यानं. ऐका नीट."
आम्ही ऐकलं. मला फक्त खोकला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी ती अंजिराच्या मुरंब्याची बरणी घेऊन आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं करकचून बांधलेली.
नवी कॅसेट तिच्याच पिशवीत.

ड्रायव्हरनं विचारलं, यातलं फुटणारं काय आहे?
त्सिऊरीनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"बरणी उभी ठेव," म्हणाली.
"ते दुसरं कसंही टाक."