एका कान्याचं अंतर

शिराझपासून दीड दिवसाच्या वाटेवर,
चश्मे-तल्ख गावात, म्हणजे कडू झऱ्यावर,
बहमनयार एकोणीस वर्षांचा होता
आणि त्याचा सदरा दहा वर्षांच्या पोराचा.
मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही.
गुलअंदाम, त्याची आई,
दर नवरोजला दाराच्या चौकटीवर
त्याच्या डोक्याशी सुरी टेकवून खूण करायची.
सहा वर्षं सुरी एकाच खाचेत जात राहिली.
खाच खोल झाली.

घरात खायला कमी नव्हतं, हे आधीच सांगतो.
कोंड्यासकट मळलेल्या कणकेची पातळ रोटी,
खमीर न घालता
उलट्या तव्यावर चटकन भाजलेली,
पोटभर.
आणि येताजाता झऱ्याकाठची करडी माती,
जिभेला गार लागणारी.
बहमनयार ती खिशात ठेवायचा,
बहीण माहपारा ओढणीच्या टोकात बांधून.

कोंड्यात एक आम्ल असतं, लांब हातांचं.
ते वाटेतच जस्ताला कवेत घेतं
आणि आतड्यापाशी पोचलं तरी सोडत नाही.
सुटलंच थोडं, तर माती आहे.
घास गिळला जातो, भूक भागते,
जस्त आल्या पावली निघून जातं.

जस्त म्हटलं की आपल्याला आठवते बादली,
नाहीतर गोठ्यावरचा पत्रा.
अंगात असून असून किती असणार?
आख्खा माणूस आटवला
तर जेमतेम एक आखूड खिळा होईल.
पण पेशीत ते लोखंडासारखी देवघेव करत नाही,
तांब्यासारखा रंग पालटत नाही.
ते धरतं.
प्रथिनाची सैल दोरी चार जागी पकडून
तिचं बोट वळवतं,
आणि ते बोट, अंधाराला सरावलेल्या माणसासारखं,
जनुकांच्या खोबणीतून चाचपत जातं:
इथून वाच.
उंचीचं पान हे. हे दाढीचं.

जस्त नसलं की बोट वळत नाही.
मजकूर शाबूत असतो
आणि कोणी उघडत नाही.
जे चिमूटभर उरलं असेल
ते शरीराने श्वासाला दिलं असेल;
रक्तातला कोंदट वायू बाहेर काढायलाही
जस्तच लागतं, आणि तो थांबून चालत नाही.
उंची थांबू शकते.
उंची सोसते.

शिराझच्या इस्पितळात डॉक्टर फरहमंदांनी
बहमनयारला भिंतीशी उभं केलं, नखं पाहिली,
पांढऱ्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या.
वर्षाच्या आत तो चार बोटं वाढला.
एका सकाळी स्वतःच्याच आवाजाने दचकला
आणि मग उगीचच मेंढ्यांना हाका मारत बसला.

माहपाराला कोणी मोजलं नाही.
तीच रोटी, तीच माती, वय सतरा.
पण मोजपट्टी परक्या पुरुषाच्या हातात होती
आणि ती उंबऱ्याबाहेर थांबली.
चौकटीवरही तिची खूण नव्हती,
तिथे फक्त बहमनयार होता.

त्यानेच एका रात्री कॅप्सूल उघडली.
अर्धी पूड स्वतःला, अर्धी तिच्या तळहातावर.
तिने चाटली, तोंड कडवट केलं,
आणि दुसऱ्या रात्री पुन्हा हात पुढे केला.

आपल्या लिपीत जस्त आणि जास्त यांच्या मध्ये
एक काना उभा असतो,
ताठ, एकटा,
चौकटीशी पाठ लावून उभ्या केलेल्या पोरासारखा.
तिच्या भाषेत तो शब्द ज़ियाद.
तोच फौजांमागून, हिशेबाच्या वह्यांमधून
भटकत आपल्याकडे आला नि जास्त झाला.

दीड महिन्याने, जेवताना,
माहपारा एकदम थांबली.
घास तसाच गालात धरून म्हणाली,
आई, मीठ जास्त झालंय.

गुलअंदामने चाखून पाहिलं.
मीठ रोजच्याएवढंच होतं.