बाण कुठे काढायचा

बारा फूट लांब, चार फूट रुंद जाड कापड,
ऑइलपेंट, अक्षरांचा दर वेगळा, चित्रांचा वेगळा,
झेफेरीनने निम्मे पैसे आगाऊ दिले.
मी म्हापशाचा बोर्ड-पेंटर. आजवर रंगवलं
ते फेणीचं दुकान, दातांचा दवाखाना, कुत्र्यापासून सावध.
जगाचा शेवट पहिल्यांदाच.

त्याने वहीतलं पान पुढे धरलं:
डावीकडे बाग, उजवीकडे आगीचं तळं,
मध्ये सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या
आणि सात डोक्यांचं श्वापद.
शिंगं दहा, म्हणाला.
मी विचारलं, सात डोक्यांवर दहा कशी बसवू?
कुणाला एक, कुणाला दोन?
बहारीनच्या प्रार्थनासभेत हे कुणी विचारलं नसावं.
रात्रभर विचार करून सकाळी आला,
तुझ्या हिशेबाने बसव.

हडफड्याला त्यांच्या बलकांवात कापड पसरलं.
थोरला आनाक्लेत, राशोलच्या सेमिनरीत दोन वर्षं काढलेला,
काठी टेकत आला, चष्मा पुसून वाचू लागला,
'हजार वर्षं'पाशी थांबला.
हजार म्हणजे हजार नव्हे रे.
हजारदा सांगितलं तुला, असं आई म्हणायची,
मोजलं होतं तिने?
ती वर्षं चालूच आहेत. ह्या अंगणात. आत्ता.
झेफेरीन म्हणाला, मग सैतान साखळीत आहे म्हणतोस?
आत्ता?
तेवढ्यात डोंगराकडच्या क्लबातला स्पीकर सुरू झाला,
खिडकीतले शिंपले थरथरले.
आनाक्लेत म्हणाला, साखळी लांब असेल.

मग बाणाची भानगड.
विश्वासणारे ढगांत उचलले जातील, तो बाण.
महासंकटाच्या आधी: झेफेरीन.
आधी नव्हे, मधोमध: त्याच्या सभेतला आगुस्तीन,
मोटारसायकल बंद न करताच.
असा बाणच नाही: आनाक्लेत.
मी ब्रश धरून उभा, लाल रंगावर साय धरलेली.
अठरा दिवस.
खडूने तीन बाण काढले, तिन्ही पुसले.
मधल्या वेळात श्वापदाला एक शेपटी जास्त दिली,
कुणाच्या लक्षात आली नाही.

आनाक्लेतची बायको एस्पेरांस ह्यात कधी पडली नाही.
तिचं मीठ होतं आगरात,
ओढून बांधावर रास लावलेली,
शाकारायला चुडतं यायची होती.
आणि एप्रिलातल्या एका दुपारी,
कुणाच्याच गणितात नसलेल्या,
पूर्वेकडून आभाळ काळं झालं.
ती पायऱ्या चढून आली, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.
त्या दोघांकडे बघितलंही नाही. मला विचारलं,
हे वाळलंय?
मी म्हटलं, आगीचं तळं अजून ओलं आहे.
चलता, म्हणाली.

बांधावरून आम्ही एकामागून एक.
पुढे एस्पेरांस वाट दाखवत,
झेफेरीनच्या हातात बाग, आनाक्लेतच्या हातात निवाडा,
काठी बलकांवातच राहिलेली,
आणि मधलं सगळं संकट माझ्या डोक्यावर.
रास झाकली. कडांवर दगड ठेवले.
मग तो आला, आडवा, आगर खरवडत.
सात डोक्यांवरून पाणी वाहिलं,
दहा शिंगांवरून, दोन शेपट्यांवरून.
खाली थेंब गेला नाही.
रंग मी कधी पातळ करत नाही.

दोघे भाऊ भिजत उभे. वाटलं, आता मिटलं.
झेफेरीन म्हणाला, बघितलंस?
झाकण आधी, पाऊस नंतर. म्हणजे आधीच.
आनाक्लेतच्या नाकावरून पाणी गळत होतं.
आणि मीठ? ते कुठे उचललं गेलं?
जिथल्या तिथे आहे की.

कापड अजून तिथेच आहे.
उरलेले पैसे बाण काढल्यावर.
कड आत दुमडली होती तिथे थोडं मीठ लाल झालं,
ते एस्पेरांसने विकलं नाही, पिशवीत बांधून मला दिलं.
खायचं नाही हं, म्हणाली,
माडाच्या मुळात घाल.