वरचा डाग

पन्हाळ्यामागच्या उतरणीला आमचा वरचा डाग.
धुळाक्का आत्ती सांगते,
इथं पहार हातभर आत जायची.
आता वितीवरच खणकन मुरमाला लागते.
ताल फुटली, त्याला सात पावसाळे झाले.

माती तपासून कागद आला:
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक अठ्ठावीस.
"शाळंत असले मार्क पडले असते
तर घरात घेतलं नसतं तुला,"
आत्ती म्हणाली, मला की रानाला, कळलं नाही.
नाचणीची कणसं
मूठ वळायच्या आतच थांबलेली.
गांडूळ बघायला ढेकूळ फोडलं,
आत नुसतं ऊन.

खाली कासारीच्या काठाला मात्र
दरसाल पोयटा चढतो
आणि बिरू खोत भट्टीसाठी
ट्रॉल्या भरभरून उचलतो.

परवा गोठ्याला विटा आणल्या.
नऊ रुपयाला एक, भाडं वेगळं.
उतरून घेताना एकीच्या पोटात दिसली
जळून गेलेल्या मुळाची पोकळी,
बारीक, वाकडी,
नाचणीच्या धसाला असते तसली.

आत्तीनं ती भिंतीत लावू दिली नाही.
पदराखाली घेऊन चढण चढली,
तालीच्या भगदाडात बसवली,
वर दोन धोंडे ठेवले
आणि दम दिला,
"आता हाललीस तर बघ."