दोन किलोचा दगड

तुर्दुबेकने अकरा वर्षं काटा मारला.
आक्रोडाएवढं शिसं, मेणाने चिकटवलेलं;
लोकर घेताना या पारड्याखाली,
पीठ देताना त्या.
माझ्याच पोराला सापडलं, चेंडू शोधताना
टेबलाखाली शिरला होता.

त्या हिवाळ्यात दुकानाची पायरी
फक्त बर्फाने चढली.

नारीनपर्यंत जायला दिवस मोडतो
आणि अख्ख्या खोऱ्यात दुकान एकच.
तेव्हा मी नदीतला एक दगड उचलला,
नारीनच्या टपाल कचेरीत तोलून घेतला,
घासून घासून दोन किलोचा केला.
बाकीच्यांनीही केले.
मग दुकानात आधी दगड बोलायचा,
नंतर आम्ही.

तुर्दुबेक काही म्हणाला नाही.
रोज सकाळी पारडी उपडी करून
उंबऱ्यावर ठेवायचा,
येणाऱ्याजाणाऱ्याला तळ दिसेल अशी.
एका रात्री माझ्या दाराशी पिठाचं पोतं ठेवून गेला.
मी शिवले नाही.
कोंबड्यांनी फोडलं, त्यांना कसला मान.

चार वर्षं.

काल साखर आणायला गेले
आणि दगड घरी, कोबीच्या पिंपावर राहिला.
त्याने वजन उचललं, परत ठेवलं.
"दगड आणा, एजे. मी थांबतो."
पाठीमागे दोन बायका, त्यांच्या हातात त्यांचे दगड.

निघाले. चढणीच्या अर्ध्यावर
कुरणाच्या भिंतीवर टेकले.
घोडी चरत होत्या, गुडघा ठणकत होता.
कशाचा विचार केला म्हणून सांगू?
कसलाच नाही. ऊन बरं होतं.

खाली येऊन म्हणाले, "सापडला नाही."

पिंपावरचा दगड हरवत नसतो
हे त्यालाही ठाऊक.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
बाहीने पारडं पुसलं, दोनदा,
आणि हात थरथरला म्हणून
थोडी साखर टेबलावर सांडली.

घरी येऊन मोजली नाही,
असं मी म्हणणार नाही.
काठीला दोरी बांधली, दोन टोपल्या लावल्या,
एकीत दगड, एकीत साखर.
काठी साखरेकडे झुकली.
जराशीच. मूठभर.

मूठ वेगळी काढून कागदात बांधली आहे.
उद्या नेऊन त्याच्यापुढे ठेवीन,
म्हणेन, जास्त नको रे बाबा,
बरोबर दे.