सोमवारचा दगड

सोमवारी दुकान बंद.
गंज पेठेतल्या खोलीच्या मागच्या दारी
अण्णा शहाबादी फरशीवर बसायचे,
पुढ्यात ओलं पोतं, पोत्यावर दगड.
जुन्या बाजारातून सत्तर रुपयांना घेतलेला;
तो कशाचा ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
अण्णांनी नखानं ओरखडून, थुंकी लावून बघितला
आणि घासाघीस न करता पैसे दिले.

वस्तऱ्याच्या बुडाशी ‘सोलिं’ एवढंच उरलेलं.
पुढची अक्षरं अंगठ्यानं खाल्ली.

दगडावर धार पुढं, पाठ मागं.
पट्ट्यावर पाठ पुढं, धार मागं.
उलटवायचा तो पाठीवरनं, धारेवरनं कधीच नाही.
मी तिथंच पाढे म्हणत बसलेली असायचे,
हे सगळं माझ्या बे एके बेमध्ये मिसळलं
ते आजतागायत निघालेलं नाही.

माझ्या हातात दिला की मी जोर लावायची.
अगं, त्याचं त्याला वजन आहे, म्हणायचे,
तू नुसती सोबत जा.

काळपट पाणी सुटायचं.
ते पोलादच असतं, हे फार उशिरा कळलं मला.
दीड बोट रुंदीचं पातं
माझ्या दहावीपर्यंत बोटभर झालं.
बाकीचं मोरीतून नागझरीत,
नागझरीतून मुठेत.
मूठ तेवढी हातात राहिली.

मग पेपरांत तो रोग आला.
खुर्चीत टेकायच्या आधी गिऱ्हाईक विचारू लागलं,
ब्लेड नवीन ना?
टोळगे वकील, एकवीस वर्षांचं गिऱ्हाईक,
त्यांनी विचारलं नाही;
खिशातलं ब्लेडचं पाकीट काढून आरशापुढं ठेवलं.
अण्णांनी त्यातलं एक मोडून दोन केलं,
अर्धं लावलं,
अर्धं कागदात गुंडाळून परत दिलं.
त्या दिवसापासून वस्तरा गल्ल्यात,
खोबरेल लावलेल्या फडक्यात.
सोमवार मात्र चुकला नाही.

मी ससूनला लागले.
मेणात बसवलेले माणसांचे तुकडे,
त्यांचे चार-चार मायक्रॉनचे काप.
यंत्राची सुरी तेव्हा हातानंच लावावी लागे.
पहिल्याच आठवड्यात साहेब यादी बघत म्हणाले,
बिडवे ना तुम्ही? मग धार तुमच्याकडं.
दोघं-तिघं हसले.
वाईट मनानं असं नाही.
सहज, जाता जाता कुणी पंख्याचं बटण दाबावं तसं.

रात्री जेवताना सांगितलं.
मला वाटलं, भडकतील.
अण्णांचा घास हातातच थांबला.
म्हणाले, दगड कुठलाय त्यांच्याकडं?
दगड नाही, म्हटलं, काच आहे, वर पूड टाकतात.
काच, म्हणाले,
आणि बराच वेळ चावत राहिले.

एका रविवारच्या ड्यूटीला
पर्समधून वस्तरा नेला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला.
धार नव्हतीच तिथं. डोंगररांग होती,
सिंहगडामागून राजगडाकडं जाते तशी,
सुळके, कडे, खिंडी,
एका जागी तर दरडच कोसळलेली.
घरी येऊन चित्र काढून दाखवलं.
चष्मा न लावताच बघितलं त्यांनी.
असेल, म्हणाले.
ती दरड टाचेकडनं दोन बोटांवर ना?
लागते ती अंगठ्याला,
गेल्या दिवाळीपासनं.

दगडही झिजतो. मधेच खोलगट होतो,
मग वाळू टाकून त्यालाच घासायचं फरशीवर,
पुन्हा सपाट होईस्तोवर.
अण्णा गेल्यावर खोली विकली.
घेणारा वाकून विचारत होता,
हा पांढुरका डाग कसला, ॲसिडनं जाईल का?

डाग नाही हो तो.
तेवढीच फरशी जरा जास्त नितळ आहे.
ओल्या पायानं जपून.