आठ ते साडेआठच्या दरम्यान

औलूच्या विद्यापीठात, तळघरात,
दुधाच्या टाकीएवढा चुंबक उभा आहे.
सोमवारी सकाळी टेर्हो येतो,
आठ ते साडेआठच्या दरम्यान.
बाहेर डिसेंबर, दहापर्यंत उजाडायचं नाव नाही.
घड्याळ, किल्ल्या दाराशी काढून ठेवतो,
नायट्रोजनचा पाइप जोडतो, आणि विचारतो,
"मिळाला का आकार?"

"त्याला आकारच नाही," सिर्का म्हणते.
निराकार मात्र म्हणत नाही कुणी.
तो देवासाठी राखलेला शब्द,
आणि हे तर एक साधं प्रथिन,
कालपरवा जिवाणूंच्या पोटातून काढलेलं.

काढलं तेही उकळून.
बाकीची सगळी उकळताना
अंड्याच्या पांढऱ्यासारखी थिजली, तळाशी बसली.
घडी होती, म्हणून मोडली.
याची घडीच नव्हती. हे राहिलं पाण्यात, जसं होतं तसं.

पाच अंशांवर नळी. रेडिओलहरींची एक टिचकी.
मग ऐकत राहायचं, रात्रभर.
पडद्यावर ठिपके उमटतात,
तेही आठ ते साडेआठच्या दरम्यान,
एकमेकांच्या अंगावर रेलून.
ग्लायसिन तेवढे वर, बाजूला,
लग्नात रुसून बसलेल्या व्याह्यांसारखे.
आणि प्रोलीन नाहीच. हाक ऐकतं की नाही कोण जाणे,
ओ द्यायला लागणारा हायड्रोजन त्याच्यापाशी नाही.

प्रत्येक ठिपका दोनच गोष्टी सांगतो:
हा मी, आणि हा माझ्या मागचा.
एवढ्यावर सिर्का वाट काढते,
अठ्ठ्याऐंशीवरून सत्त्याऐंशी, सत्त्याऐंशीवरून शहाऐंशी,
मग प्रोलीन.
पूल वाहून गेलेला. पलीकडून पुन्हा सुरुवात.

ब्याण्णव तीन आठवडे सापडत नाही.
मागे प्रोलीन, पुढे प्रोलीन,
ओळख पटवायला शेजारी नाही.

"मी बर्फाला भोक पाडून बसतो," टेर्हो म्हणाला,
"मासा दिसत नाही. ओढीवरून कळतं, कोणता."
"तुझा मासा एक असतो.
माझ्या दोरीला कोट्यवधी, प्रत्येकाचं वळण वेगळं,
तेही क्षणाक्षणाला बदलणारं,
आणि हाताला लागते ती सगळ्यांची सरासरी."
टेर्होने जरा वेळ विचार केला.
"मग खायचं काय?"

गुरुवारी रात्री तिने नळी दोन अंशांवर नेली,
काही सुचेना म्हणून.
पहाटे तीनला एका जाड ठिपक्याला
खालच्या अंगाला खांदा फुटला,
खांद्याचा हळूहळू दुसरा ठिपका झाला,
आणि त्याच्या मागे, स्पष्ट, प्रोलीनचा कार्बन.
सांगायला कुणी नव्हतं.
तिने कॉफीचा कप विसळला. पुन्हा पाहिलं. होता.

सोमवारी टेर्हो आला.
"ब्याण्णव मिळाला."
"आकार?"
"नाही रे. पत्ता."
"बरं," तो म्हणाला, हातमोजे चढवत,
"आणि तू ते घड्याळ काढ आधी."