गिरणीची किल्ली

निपाणीतली गिरणी विकताना तवनाप्पांनी
किल्ली मुठीतच धरली.
म्हणाले, बस शालन.
काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडं ठेव.
मिरचीनंतर शेरभर जोंधळा घरचा घाल,
दुसऱ्याच्या भाकरीला ठसका नको.
उधारी लिही,
पण वही भिंतीला टांगू नको,
वाऱ्यानं लोकांची नावं उघडी पडतात.
'नाळे कोडतीनी' म्हणणाऱ्यासाठी
'उद्या देतो' म्हणणाऱ्याइतकंच थांब:
आठ दिवस.
दोन्ही भाषांत उद्या लांबच असतंय.
पट्ट्याला पैसे काढून ठेव,
तो सणाच्या आदल्या दिवशीच तुटतो.

हे सगळं ते ओरडून सांगत होते.
गिरणी बंद होती.

मी किल्ली घेतली,
आणि येताना पेठेतून
कानात घालायला
थोडा कापूस.